रोहिणीबाईंचा अभिप्राय

रोह्याच्या वाचनालयात नवं काहीही कपाटात जाण्याआधी रोहिणीबाईंच्या नजरेखालून जातं, आणि बाईंच्या नजरेतून खडा सुटत नाही. बाई मूळच्या जोह्याच्या. वडिलांचा गणपतीचा कारखाना होता, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करण्यात या पोरीचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मुंबईच्या कलाशाळेत प्रवेशसुद्धा मिळाला होता. तेवढ्यात वडील आजारी पडले. "एवढा हंगाम काढ, मग जा," ते म्हणाले. तो हंगाम काही संपला नाही. पुढे लग्न करून बाई रोह्याला आल्या, नवरा लवकर गेला, मागे राहिली लेक मनाली आणि वाचनालयाची खुर्ची. खिडकीतून कुंडलिका दिसते. नदी तरी समुद्राला जाते, असं बाई कधीकधी म्हणत, ऐकणारा हसला की त्याही हसत.

मनाली यंदा बारावी झाली. तिला पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकायचं होतं. 'होतं' एवढ्यासाठीच, की काही दिवसांपासून तिनं तो विषयच टाकला होता, आणि बाईंनी गुपचूप देवाचे आभार मानले होते. पोर गेली तर संध्याकाळी भिंतींशी बोलायचं, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. पण सांगणार कोणाला? आई असून पोरीच्या आड येते, असंच लोक म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं.

अशात गावचे उबेदभाई कुवेतहून सुट्टीवर आले. त्यांनी वाचनालयाला मुलांसाठी एक टीव्ही दिला आणि सोबत एका जपानी मारधाडीच्या ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिकेचा सगळा संच. "माझी पोरं हेच बघून मोठी झाली. इथल्यांनापण बघू दे," म्हणाले. अध्यक्ष गुणाजीकाकांनी पहिली दोन मिनिटं बघितली, पडद्यावर तलवार फिरली आणि काकांचा हात छातीवर गेला. नको म्हणावं तर टीव्हीही परत जाईल, घ्यावं तर पालक दारात येतील. इकडे आड, तिकडे विहीर. मग समितीनं जे समित्या नेहमी करतात तेच केलं. लोढणं बाईंच्या गळ्यात बांधलं. "बाई बघतील. बाई सांगतील ते खरं."

बाईंनी दुपारच्या बंद वेळात बसून सगळी मालिका बघितली. गोष्ट एका तटबंदीतल्या गावाची. बाहेर राक्षसी जनावरं, आत भेदरलेली माणसं आणि एक तलवार चालवणारी मुलगी. रक्त होतं, नाही असं नाही. पण जो मारतो त्याला नंतर घास गिळवत नव्हता. जखमी माणूस पुढच्या प्रसंगात टुणकन उठत नव्हता, पुढचे कितीतरी भाग लंगडत होता. मेलेल्यासाठी कोणीतरी रडत होतं. बाईंना हे पटलं. मारामारी दाखवावी तर अशी, तिची किंमत दाखवून. तेरा-चौदाच्या पोरांना खुशाल द्यावी, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग शेवटचा भाग आला. जनावरं संपली, गाव वाचलं. गावकरी त्या मुलीला म्हणाले, आता इथंच राहा, तुला काही कमी पडू देणार नाही. मुलीनं वेशीचं दार उघडलं आणि ती चालू लागली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि मालिका म्हणत होती की तिनं बरोबर केलं.

बाई काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. त्यांना त्या चित्रातल्या पोरीचा राग आला, राग ओसरल्यावर हेवा वाटला, आणि मग त्या दारात मनाली दिसायला लागली.

बैठकीत गुणाजीकाकांनी विचारलं, "बाई, रक्त किती हाय?"

"फार हाय, काका," बाई म्हणाल्या. "पोरांच्या कपाटात नको."

समितीचा जीव भांड्यात पडला. "मी पयल्याच दिवशी वळखलं व्हतं," काका म्हणाले. बाईंचं नाव सांगून संच परत केला, टीव्ही मात्र ठेवून घेतला, बातम्यांसाठी. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी खोटा अभिप्राय दिला होता, आणि तोच सगळ्यांना सर्वांत जास्त आवडला.

घरी मनाली भाकऱ्या थापत होती. बाईंनी उगाचच मालिकेचं नाव काढलं. नाकारली म्हणाल्या, मुलांना बघण्यासारखी नाय.

"मी आठवीतच बघितली ती," मनाली म्हणाली. "फोनवर. आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी बघितलीय."

"सगळी? शेवटापर्यंत?"

"व्हय. शेवट तर मला पाठ हाय."

जे दार लावायला त्या खोटं बोलल्या, ते पोरीनं कधीच उघडं बघितलं होतं. "मग तुझं पुण्याचं काय? सोडूनच दिलंस?"

मनालीनं भाकरी उलटली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "तिचं सोपं होतं, आई. तिला घरी आई कुठं होती?"

जा, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं. पोर तव्यावरून नजर न काढता वाट बघत होती, हे त्यांना दिसत होतं.

"वाढ," बाई म्हणाल्या. "भूक लागलीय."