रयतेचा घाट

आमच्या गावच्या जमीनदाराला सिंदफणा नदीकाठी बंगला बांधायची हौस आली. हौस त्याची, खर्च सरकारचा. बंगल्यापर्यंत खडीची सडक, पूर थोपवायला भिंत आणि पात्रात उतरायला घडीव दगडाच्या पायऱ्या. हे सगळं झालं ते शेतसाऱ्याबरोबर गावागावातून वसूल होणाऱ्या पट्टीतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ती पट्टी विहिरींसाठी असते असं आम्ही समजत होतो. आमच्या वस्तीला विहीर कधी मिळाली नाही. कागदावर मात्र त्या पायऱ्यांचं नाव होतं 'रयतेचा घाट'.

आम्ही नदीच्या वाळूत टरबुजं लावणारी माणसं. पूर ओसरला की वडील काठी घेऊन पात्रात फिरायचे आणि वाळूखालचा पाण्याचा झिरा चाचपायचे. जो झिरा भर उन्हाळ्यातही आटत नाही, त्याच्यावर आमचे टरबुजांचे खड्डे. त्यावरच आमचं वर्ष निघायचं. ती जागा ते सख्ख्या भावालाही दाखवत नसत.

घाटाचं काम बघायला आलेला सरकारी ओव्हरसियर एक नमुनाच होता. बूट भिजतील म्हणून पात्रात उतरलाच नाही. काठावरूनच वडिलांना म्हणाला, "मामा, पाण्याची तुमच्याइतकी पारख कुणालाच न्हाई म्हणतात. बारमाही पाणी कुठं हाय?"

जन्मात पहिल्यांदा एका साहेबानं त्यांना मामा म्हटलं होतं. वडील विरघळले. "रयतेचा घाट हाय, बायाबापड्यांची सोय होईल," म्हणत त्यांनी आपल्या हातानं झिऱ्यावर खुंटी ठोकली.

पायऱ्या तिथंच उतरल्या. शेजारी जमीनदाराच्या बागेसाठी विहीर खणली गेली आणि आमच्या उरलेल्या वाळूवर भराव पडला. आई घागर घेऊन घाटावर गेली तर पहारेकरी अंगावर आला. "इकडं कावून आलीस? ही जागा मालकाची हाय."

उद्घाटनाला गावाला उन्हात बसवलं. सावली साहेबलोकांसाठी होती. तहसीलदारानं भाषण ठोकलं. कुणाच्याच कामाचं नसलेलं वाळवंट सरकारनं मार्गी लावलं म्हणे. जमीनदार तर असा फुगला होता, जणू एकेक दगड त्यानंच वाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनीही वाजवल्या. त्या सगळ्या बेशरमांपेक्षा मला वडिलांचीच जास्त किळस आली, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

घरी येताना आईनं विचारलं, "तुमी कावून वाजवल्या टाळ्या?"

"समदेच वाजवत हुते," वडील म्हणाले.