‘येते’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

सांगलीहून निघाले त्या सकाळी घाईघाईत मी म्हणाले, "बाबा, जाते मी." बाबांनी टॅक्सीचं दार धरूनच ठेवलं. "जाते नाही, येते म्हणावं." वैतागून "येते" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी दार सोडलं, आणि खिडकीतून एक फाईल माझ्या मांडीवर टाकली. हौशी मंडळासाठी त्यांनी लिहिलेलं दोन अंकी नाटक! इंग्लंडात ते कोण वाचणार होतं? पण बाबांपुढे कोण बोलणार!

एकोणीस वर्षं ती फाईल नॉटिंगहॅमच्या घरात लॉफ्टवर पडून होती. मी हॉस्पिटलच्या शिफ्टमध्ये गुरफटलेली, बाबा तिकडे एकटे. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला, रेवाला, फिल्मच्या कोर्ससाठी एक नाटक जुन्या हॉलिवूडच्या थाटात पडद्यावर आणायचं होतं. ब्लॅक अँड व्हाइट, भराभर बोलणारी माणसं, आधी हसवायचं, मग रुमाल काढायला लावायचा, आणि शेवट गोड. मी फाईल खाली आणली.

नाटक एकाच खोलीत घडतं. रेवानं ते जिन्यात नेलं, बस स्टॉपवर नेलं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले दोन पोक्त डॉक्टर हॅट चढवून कॅमेऱ्यापुढे असे मिरवले की विचारू नका. बाबांची स्वगतं तिनं निम्मी छाटली, तेव्हा मात्र ती पानं मी परत फाईलमध्ये लावून ठेवली.

गाडं अडलं ते शेवटाशी. नाटकातली मुलगी "येते हं" म्हणून घर सोडते आणि पडदा पडतो. रेवानं सबटायटल लिहिलं, ‘आय अ‍ॅम कमिंग.’

"पण आई, ती तर जातो ना?"

"जाते गं."

"ओके, जाते. मग परत येते का?"

नाटकात ती येत नाही. आणि मी? दर तीन-चार वर्षांनी पंधरा दिवस जाऊन, बॅगा भरून निघण्याला येणं कसं म्हणू? रेवाला मात्र गोड शेवटासाठी ती मुलगी पुन्हा दारात उभी हवी होती. आजोबांना विचारल्याशिवाय शेवट बदलायचा नाही, असं मी तिला बजावलं. शब्द इकडचा तिकडे झाला तरी अबोला धरणारा माणूस तो.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा, तुम्ही रागावू नका हं. मला तिला परत आणायचंय."

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "आण बाळा. मलाही आणायचीच होती. पण लोकांना ते खरं वाटलं नसतं."

रेवा खूश. "थँक यू! येतो हं, आजोबा."

"येतो नाही, येते म्हणावं."

मी रेवाशेजारी सरकून म्हणाले, "येते, बाबा."

या शब्दावर ते नेहमी नुसतं "ये" म्हणतात. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कधी?"

इतक्या वर्षांत घर कुठलं, सांगली की नॉटिंगहॅम, हे मला ठरवता आलं नव्हतं. त्या दिवशी कळलं, ‘येते’ म्हटल्यावर ‘कधी?’ विचारणारं माणूस जिथे आहे, ते माझं घर. मी रेवाकडे पाहिलं, आणि बाबांना आधी तारीख सांगितली. रजा नंतर मागितली.