दाराच्या आतली शिक्षा

दिल्लीत मी पहिल्यांदा मिश्री मागितली ती सरोजिनी नगरच्या बाजारात. दुकानदाराने कागदाच्या पुडीत खडीसाखर बांधून दिली आणि वर "बहनजी, सौंफ भी दूँ?" असंही विचारलं. मी नवी नवरी, हिंदी जेमतेम. मान हलवली आणि बडीशेपही घेऊन आले. घरी पुडी उघडून पाहिली आणि रडायलाच लागले. ह्यांना आधी कळेना काय झालं, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना.

माझ्या माहेरी, नगरकडे, मिश्री म्हणजे तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजलेली, कुटून चाळलेली तंबाखू. बायका ती बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळतात. लग्नाच्या आधीच्या वर्षी माझी दाढ दुखत होती म्हणून मावशीने चिमूटभर लावायला दिली होती. पुढे दाढ काढून टाकली, मिश्री राहिली. दिल्लीत ती मिळत नाही म्हटल्यावर धाकटी बहीण कोणाबरोबर तरी पाठवू लागली. जवसाच्या चटणीच्या पिशवीत खाली एक पत्र्याची डबी असायची, आणि पिशवी हातात आली की मी आधी तळाशी हात घालायची.

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरला मागे एक अरुंद बाल्कनी होती. थंडीच्या दिवसांत तिथून काही म्हणजे काही दिसत नसे. समोरच्या ब्लॉकचा जिना धुक्यात अर्ध्यावर संपायचा. कुणीतरी मफलर गुंडाळून दुधाची पिशवी घेऊन त्या जिन्यावरून वर चढायचं आणि नाहीसं व्हायचं. मिश्रीची पहिली चिमूट हिरडीला लागली की डोक्यात हलकी भोवळ येते. मला वाटायचं, सगळी कॉलनी जमिनीपासून बोटभर वर उचलली गेली आहे, कडुलिंबाची झाडं, स्कूटरी, पाण्याच्या टाक्या, सगळं हळूहळू कुठेतरी वाहत चाललं आहे आणि त्यात मीही आहे. माहेर तेवढ्यापुरतं जवळ यायचं. दिवसातली माझी सगळ्यात सुखाची वेळ ती, हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

भोवळ उतरली की मात्र भीती सुरू. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. माणूस सज्जन, पण त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. गुडघा फुटला, देवाने शिक्षा दिली. परीक्षेत गणित चुकलं, देवाने शिक्षा दिली. शेजारच्यांची शेळी मेली तरी त्यात त्यांना कुणाची ना कुणाची शिक्षा दिसायची. ते वाक्य मी ट्रंकेत घालून दिल्लीला आणलं असावं. दूध उतू गेलं, बस चुकली, ह्यांचं प्रमोशन अडलं, की माझ्या तोंडून तेच निघायचं. आणि शिक्षा कशाबद्दल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते डबीत होतं. जीव घाबरला की मी डबी उघडायची, डबी उघडली की पुन्हा जीव घाबरायचा. असा आमचा संसार चालला होता, डबीचा आणि माझा.

दिल्लीतली आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं महिन्यातून एका रविवारी दुपारी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमायचो. सकाळी तिथे हिंदीतली उपासना होऊन गेलेली असायची, सतरंज्यांवर त्यांच्या मुलांनी सांडलेले बिस्किटांचे तुकडे असायचे. आमच्या दुपारच्या उपासनेत प्रभुभोजनही असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा. मी पहिल्या खेपेला गेले, हातावर भाकरीचा तुकडा घेतला, आणि पाहिलं तर तुकड्यावर माझ्या बोटाचा काळा ठसा. सकाळी मिश्री लावून हात धुतले होते, तरी रेघांमध्ये राहिलीच होती. मी तो तुकडा तसाच गिळला. त्याच महिन्यात माझं पहिलं गर्भारपण टिकलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कुणाचा दोष नसतो. मी मान हलवली. मनात मात्र वडिलांचं वाक्य ऐकू आलं, आणि त्यांच्याच आवाजात.

त्यानंतर मी कधी भोजनाला गेले नाही. पण उठून जायचं तर काहीतरी निमित्त हवं. हॉलच्या मागे एक छोटं स्वयंपाकघर होतं, उपासनेनंतर सगळ्यांना चहा असायचा. पाळकसाहेब भाकरीवरचा कपडा उचलायला लागले की मी ह्यांच्या कानात म्हणायची, "चहा बघते." आणि निघायची. ती सवय वर्षानुवर्षं चालली. मंडळीत माझं केवढं कौतुक! ताई म्हणजे सेवेला पहिल्या, स्वतःचं भोजन चुकवतील पण चहा चुकवणार नाहीत. मी पातेल्यासमोर उभी राहायची. पलीकडून गाणं यायचं, आल्याची वाफ चष्म्यावर बसायची, आणि त्या धूसर काचेतून हॉलमधली माणसं एकामागून एक भोजनाच्या टेबलाकडे जाताना दिसायची. लग्नाच्या पंगतीत आपल्यालाच पान मांडलेलं नसावं, तसं वाटायचं. मला त्या टेबलाशी जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना माहीत होतं, पण माझ्या जिभेला घाबरून ते गप्प राहायचे.

मुलगी पुढे दिल्लीतच झाली आणि दिल्लीचीच झाली. बालवाडीत असताना तिने बाईंना सांगितलं, "मेरी मम्मी रोज़ सुबह मिश्री खाती हैं." बाई मला फाटकाशी म्हणाल्या, "अच्छा, तभी आप इतना मीठा बोलती हैं!" मला ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगितलं की ते पोट धरून हसतात. तिचं मराठी घरापुरतं, वरणभात आणि आंघोळ आणि झोप आता, एवढ्यापुरतं. बाकी शब्द गळून पडले. मी लक्ष दिलं नाही. दिल्लीत जागोजागी शिक्षा हा शब्द पाट्यांवर लिहिलेला असतो, शाळांवर, सरकारी कचेऱ्यांवर. तिथे त्याचा अर्थ शिक्षण, हे मलाही ठाऊक होतं. पण दाराबाहेरची शिक्षा वेगळी आणि दाराच्या आतली वेगळी, असंच मी धरून चालले. लेक त्या दारातून दिवसभर ये-जा करते आहे, हे ध्यानात आलं नाही.

ह्यांच्या रिटायरमेंटनंतर आम्ही मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो. लेक नोएडाला नोकरी करायची, मेट्रोने जायची-यायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिचाही नंबर लागला. ती दुपारीच घरी आली, बूट काढले, आणि गच्चीवर उन्हात मी शेंगा सोलत होते तिथे येऊन माझ्याशेजारी चटईवर बसली. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. खाली कुणीतरी रजया वाळत घातल्या होत्या, पोपटांचा एक थवा ओरडत टाकीवरून गेला. तिने नोकरी गेल्याचं सांगितलं. मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे. देवाने शिक्षा दिली."

"हां ना," ती म्हणाली. अगदी शांतपणे, शेंगा सोलत. "मीपण मेट्रोत तोच विचार करत होते. काहीतरी शिक्षा देतोय देव. अभी समझ नहीं आ रहा, पण येईल."

मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"कशाची? आई, तू तर लहानपणापासून सांगतेस. झोपाळ्यावरून पडले तेव्हा, मॅथ्समध्ये फेल झाले तेव्हा. देवाने शिक्षा दिली, देवाने शिक्षा दिली. मला वाटायचं, देव म्हणजे टीचर आहे. थोडा स्ट्रिक्ट आहे, पण आपल्याला सोडून देत नाही. बारावीत सगळे डिप्रेस होते यार, मी नव्हते. तुझ्यामुळेच तर."

मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. तिला तसंच ठेवावं, असं एकदा मनात आलं. पण माझ्या नावावर नसलेलं पुण्य मला पचेना. म्हटलं, "बाळा, मराठीत शिक्षा म्हणजे तसं नाही. शिक्षा म्हणजे... सज़ा."

ती आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. ती मागचं सगळं आठवत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मतलब, एवढी वर्षं तू सज़ा म्हणत होतीस? रोज?"

"रोज."

"आणि एकटीच घाबरत होतीस?" तिने माझा हात हातात घेतला. उजव्या हाताचं पहिलं बोट उलटं करून बघितलं. रेघा काळ्याच होत्या. "आई, म्हणून तू चहा बघायला जातेस?"

मी रडले. भर दुपारी, सोसायटीच्या गच्चीवर, शेजारणी पापड उलटत असताना. मला लाज नाही वाटली. इतकी वर्षं मी देवाचं ऐकत आले होते ते वडिलांच्या आवाजात. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की येशूला स्वतःचा आवाज असेल, आणि मी तो कधी ऐकूनच घेतलेला नाही. माझ्या पोरीने मात्र ऐकला होता, तोही माझ्याच चुकीच्या वाक्यातून. माझ्या तोंडून काळं गेलं आणि तिच्या कानात उजेड पडला. ह्याला कृपा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, मला कळत नाही.

मिश्री काही त्या दिवशी सुटली नाही. एका प्रार्थनेत सुटली असं सांगणारी माणसं आहेत, मी त्यांच्यातली नाही. फरक एवढाच पडला की आधी मी डबी लपवून माफी मागायची. आता डबी मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, प्रभू, मला शिकव. बास. मला सोडता येत नाही, तू शिकव. मिश्री न लावण्याचे पहिले दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, ह्यांच्यावर मी अशी खेकसायची की ते भाजी आणायला म्हणून यमुनेपर्यंत चालत गेले असतील. हिरड्या शिवशिवायच्या. लेकीने माझी डबी घासूनपुसून तिच्यात खडीसाखर भरून ठेवली. "ले, दिल्लीवाली मिश्री." सकाळी बाल्कनीत बसून मी तिचा एक खडा जिभेवर ठेवायची. भोवळ यायची नाही. खडा सावकाश विरघळायचा, समोर धुकं असायचं, आणि मी प्रभूशी बोलत बसायची. माहेराबद्दल, वडिलांबद्दल, त्या पहिल्या बाळाबद्दल. त्या बाळाबद्दल मी आजवर देवाला काही विचारलंच नव्हतं. उत्तर तयार आहे असं धरून बसले होते.

मध्येच बहिणीची पिशवी आली. सवयीने हात तळाशी गेला, आणि त्या दिवशी मी मिश्री लावली. पूर्वीची मी त्या एका चिमटीवर महिनाभर होरपळले असते. यावेळी तोंड धुतलं, लेकीला जाऊन सांगितलं, "आज नापास." ती लॅपटॉपवर अर्ज भरत होती. मान वर न करता म्हणाली, "चलो, रीटेस्ट." मग मी बहिणीला फोन करून सांगितलं, फक्त चटणी पाठव. ती बिचारी काळजीत पडली, मी आजारी आहे की काय म्हणून.

मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ सुरू झाली. दिल्लीत वसंतातच पानं पडतात, त्याची मला अजून सवय नाही. त्या रविवारी हॉलच्या वाटेवर पिवळा सडा पडला होता आणि वाऱ्याने तो आमच्या पायांबरोबर आतपर्यंत येत होता. पाळकसाहेबांनी भाकरीवरचा कपडा उचलला. ह्यांनी सवयीने पाय आत घेतले, मला जायला वाट म्हणून. मी उठले आणि दुसऱ्या बाजूने निघाले, पुढे. मागे लेकीचं पैंजण वाजलं, ती पाठोपाठ येत होती. माणसं, खिडक्या, गाणं, सगळं लांबून येत असल्यासारखं वाटत होतं. जुन्या भोवळीसारखंच, पण पाय जमिनीवर होते. मी हात पुढे केला. बोटाच्या रेघांत जरासं काळं अजून होतं, ते बहुतेक जायचंही नाही. पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. तुकडा तळहातावर ठेवला. मी त्याच्यावर ठसा बघितलाच नाही. खाल्ला.

तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज आला, आणि जळक्या दुधाचा वास हॉलभर पसरला. उपासनेआधी मीच चढवून ठेवलेला चहा बघायला कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघंतिघं पळाले, कुणीतरी झाकण पाडलं, पोरं हसायला लागली.

मी डोळे पुसत होते. लेक माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, शिक्षा?"

"हो," मी म्हटलं. "पुढच्या वेळी गॅस बारीक करून यायचं."