बांगड्यांच्या दुकानातलं एम.बी.ए.

“नाव काय बाई? गाव कोणतं? बचत कुठी ठेवता?”

हातात छापील प्रश्नावली आणि खिशाला पेन लावून नूरी शेख अहेरीच्या आठवडी बाजारात फिरू लागली, आणि बघता बघता बाजार तिच्यापुढून सरकायला लागला. चारोळी घेऊन बसलेल्या बायांनी टोपल्या उचलल्या. मोहफुलं विकणारीने पोत्याचं तोंड बांधलं. दुपारपर्यंत आवई उठली की जंगलाची जमीन मोजायला सरकारी सर्व्हेवाली आली आहे, आणि नाव सांगितलं की घर गेलं!

बाजाराच्या टोकाला नूरीच्या आईचं, आयशाबीचं, बांगड्यांचं दुकान होतं. एक ताडपत्री, दोन पेट्या. आयशाबी घरी हिंदी बोलायची, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही.

“या अल्ला! तुह्या त्या पेनानं माहं दुकान बसवलं! सुबह से एक बाई नाई फिरकली. काऊन विचारून राह्यली तू हे सगळं?”

“माहा प्रोजेक्ट आहे अम्मी.”

“मंग पोलिसावानी काऊन विचारते?”

नूरी रडायच्या बेतात होती. चंद्रपूरच्या कॉलेजात फायनान्समध्ये एम.बी.ए. करण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष, दोन हजार दोन साल. वर्गातल्या सगळ्यांनी कारखान्यांचे ताळेबंद निवडले होते. नूरीने मात्र विषय घेतला होता, जंगलातल्या गावांच्या बाया बचत कुठे ठेवतात. तिचे गाईड खोब्रागडे सर ऐकून आधी हसले, मग म्हणाले, “घे. पण माहिती खरी पाहिजे. माहिती नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी परीक्षा नाही तर डिग्री विसर.”

आणि माहितीचे कागद तर कोरेच होते.

“ठेव ते कागद पेटीखाली,” आयशाबी म्हणाली. “बस इथी. हात चालव.”

पुढच्या बाजारी नूरी आईशेजारी बांगड्या भरायला बसली. हे काम तिला लहानपणापासून येत होतं. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, हाडं हळूहळू दाबायची आणि सारखं बोलत राहायचं, म्हणजे दुखतं कधी ते कळत नाही. काच चढेपर्यंत बाई हलू शकत नाही, मग तीही बोलते.

सोमारी मडावी पहिली बसली. हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे टणक.

“हिरव्या दे. अन् हळू, पोरी! मांगच्या टायमाले तुह्या मायनं माही कातडी सोलली होती.”

“तूच हात आखडते वो!” आयशाबी पलीकडून ओरडली.

नूरीने बांगडी सरकवली. “सोमारीबाई, चारोळीचे पैसे आले तं ठेवता कुठी? बँकेत?”

“बँकेत? बँकेतल्या पैशाचा वास नवऱ्याले लगेच येते.”

“मंग?”

“बकरी घेते.”

“बकरी नाई दिसत त्याले?”

“दिसते ना! पण विकाले निघाला तं अख्खं गाव विचारते, काहून गा, सोमारीची बकरी कुठी नेऊन राह्यला? मोहफुलं ठेवली असती तं दारू गाळून, पिऊन मोकळा झाला असता. आई गं! हळू!”

भोवतीच्या बाया खदाखदा हसल्या आणि मग एकेक बोलू लागली. एकीची बचत भावाच्या घरी, एकीची पितळेच्या भांड्यात, एकीची चार बकऱ्यांत. नूरीने शेवटी हात थांबवला आणि साफ सांगितलं, “मी हे कॉलेजात सांगणार आहे. चालते का?”

सोमारी म्हणाली, “सांग. पण आमची नावं नको सांगू.”

“नाई सांगत.”

असे हिवाळाभर बाजार झाले. कागद भरले, रिपोर्ट बांधला गेला, आणि उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला नागपूरचे परीक्षक आले. त्यांनी रिपोर्ट चाळला.

“बायकांची नावं कुठे आहेत? सह्या कुठे?”

“नावं देता येणार नाहीत, सर.”

“मग हे तुम्ही घरी बसून लिहिलं नाही कशावरून? नावं द्या, नाहीतर मला तुम्हाला नापास करावं लागेल.”

खोब्रागडे सरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. देऊन टाक, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

“सर, बँक खातेदाराचं नाव कोणालाही सांगते का?”

“नाही.”

“त्या बायांनी आपली खाती माझ्यापुढे उघडली. मग मी कशी सांगू? तुम्ही बाजाराच्या दिवशी अहेरीला या. ज्यांना बोलायचं असेल त्या स्वतः बोलतील. मी बोट दाखवणार नाही.”

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, “बरं. बकरीत गुंतवणूक केली तर परतावा काय?”

“दरवर्षी पिल्लं, सर.”

“आणि जोखीम?”

“बिबट्या. व्याज नाही, मुद्दलच उचलून नेतो.”

ते इतक्या मोठ्यानं हसले की बाहेर रांगेत थांबलेली पोरं दारातून डोकावली.

निकाल लागला तो दिवस नेमका बाजाराचा. नूरीने चंद्रपूरच्या एस.टी.डी. बूथवरून अहेरीच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार वारलूभाऊने आयशाबीला हाक मारून आणलं.

“जोरात बोल! बाजार भरला आहे!”

“अम्मी, पास झाली! फायनान्समध्ये कॉलेजातून पहिली!”

आयशाबीचा आवाज आला, पण फोनमध्ये नाही, बाजाराकडे तोंड करून.

“वो सोमारी! वो बायांनो! माही पोरगी पहिली आली वो!”

एकदम कल्लोळ उठला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी गोंडीत ओरडलं, कोणीतरी वारलूभाऊकडे गुळाची ढेप मागितली. रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला असावा, कारण आईचा आवाज लांब लांब जात होता. बूथवाल्याने नूरीला मीटर दाखवलं. आकडे पळत होते. तिने पळू दिले, आणि रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबून धरला.