गॅसचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी तिथल्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होतो. नव्या जिल्ह्याला ऑफिसं आली, साहेब आले, साहेबांना थंड सरबत लागू लागलं. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळाच्या उन्हाळ्यात बर्फ काढायलाच पाणी उरलं नाही, तेव्हा मालकानं सगळ्यांना सुटी दिली, मला सोडून. मशीन बंद पडली तरी टाकीतला अमोनिया, बर्फ गोठवणारा गॅस, तिथंच होता आणि त्याला कुणीतरी राखायला हवं होतं.

अमोनिया मोठा तहानलेला. दाबून टाकीत भरला की पातळ होऊन गप्प बसतो, फट सापडली की वायू होऊन सुटतो आणि आधी पाणी शोधतो. बाहेर पाणी नसेल तर माणसातलं धरतो: डोळे, घसा, काखेतला घाम. डोळे जातात, घसा सुजून श्वास अडतो. उपाय एकच, त्याला भरपूर पाणी पाजायचं. त्यासाठी मालकानं पिंपं भरून ठेवली होती आणि बजावलं होतं, यातला एक तांब्याही हलता कामा नये. रोज मी गंधकाची वात पेटवून पाइपांच्या सांध्यांजवळून फिरवायचो. गळती असली की तिथं पांढरा धूर धरतो. ऊन चढलं की दाबाचा काटा चढायचा. अहमदपूरकडच्या आमच्या गावी बायकापोरांना भेटून यायचीही सोय नव्हती. पत्र्याच्या त्या शेडमध्ये मी कैदीच होतो.

पिंपं फाटकातून दिसायची, हीच पंचाईत. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन यायच्या, शिव्या देऊन जायच्या. एक दिवस फाटकाशी आमच्याच गावची म्हातारी उभी. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली, दुष्काळामुळं लेकाकडं राहायला आलेली. त्यांच्याच विहिरीवर माझी आई, कुणी वरून ओतेल म्हणून, रिकामी घागर घेऊन तासनतास उभी राहायची. आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्या विहिरीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"येक हंडा दे की रं लेकरा. सून बाळंतीण हाय."

"न्हाई देता येत, मालकीणबाई. ते गॅससाठी हाय."

"गॅस पानी पितो व्हय?"

"हाव, पितो."

"मानसाच्या आधी?"

मी फाटकाची कडी लावून घेतली. ती म्हणाली, "जुनं उकरून काढतूस काय रं?" आणि रिकामा हंडा घेऊन गेली. माझा नुसता जळफळाट झाला. दिलं नाही तर वैरी, आणि दिलं अन् गळती झाली तर सगळ्या गल्लीचा जीव माझ्या माथी.

चारआठ दिवसांनी भर दुपारी गळती झालीच. टाकीच्या व्हॉल्व्हपासून फुस्सकन पांढरा लोट उठला. ओला टॉवेल तोंडाला बांधून मी पाना घेतला, व्हॉल्व्ह आवळला, त्यावर ओली पोती टाकली आणि एकेक पिंप त्या लोटावर उपसलं. वायू हळूहळू दबला. डोळ्यांची आग होत होती. घशातून आवाज फुटेना.

ते सगळं पाणी फाटकाखालून गल्लीच्या नालीत निघालं होतं. अमोनिया प्यालेलं पाणी. पोटात गेलं तर आतडं भाजून निघेल. आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "पानी सोडलं रे!"

मी फाटक उघडून धावलो. बायका हंडे घेऊन येत होत्या. सगळ्यांत पुढं ती म्हातारी, नाकाला पदर लावून, नालीत वाकलेली. हंडा अर्धा भरला होता. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघाली. मी हंड्याला लाथ घातली. हंडा गडगडत गेला, सगळं पाणी मातीत गेलं. ती मातीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. बाकीच्या जागच्या जागी थांबल्या.

घसा पुढं बरा झाला, तेव्हा मी सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हातारीचा जीव वाचवला म्हणून लोकांनी मला शाबासकी दिली, मीही ती घेतली. ते खोटं नव्हतं. पण हंडा हातानं ओढून घेता आला असता. मी लाथ मारली, आणि मारताना मला बरं वाटलं.