कावळा शिवेना

समस्त नागरिकांस कळवण्यात येते की, आज आमच्या खिडकीतली पोळी एका कावळ्याने अधिकृतपणे ताब्यात घेतली! आणि मला कायगावचा घाट आठवला. थोरल्या काकांचा दहावा होता आणि पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भात सुकला. बाकीचे काका हात जोडून शब्द देत सुटले: देवाचं करू, बहिणीचं माहेर तोडणार नाही. कावळा ढिम्म! गुलमंडीच्या खोलीत काकांसोबत जन्म काढलेले गृहस्थ लांब पायरीवर रडत होते. घरात त्यांना नुसतं ‘दोस्त’ म्हणायचे. तेराव्यानंतर त्यांना काढून खोलीला कुलूप घालायचं ठरलं होतं. ‘‘खा रे राजा, त्याला जाऊ दे,’’ ते पुटपुटत होते. शेवटी आत्याच कडाडली, ‘‘अरे मुडद्यांनो, त्याच्या माणसाला खोलीतून काढणार नाय, एवढं म्हणा की!’’