जांभळी लिंक

आमच्या ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. वेबसाइटचे रंग आणि मांडणी ज्या फाइलमध्ये असते, ती तपासताना एक जरी चूक लाल अक्षरांत आली, तरी बाई आमच्या मानगुटीवर बसायची. "साइट दिसतेय ना नीट?" असं कुणी म्हटलं की संपलंच. "दिसतेय तुझं कपाळ," म्हणायची आणि त्याचा कीबोर्ड स्वतःकडे ओढायची.

तिचं डावं मनगट वळत नसे. बसच्या वेळापत्रकात माहेरच्या गाडीखाली तिने पेनाने रेघ मारली होती आणि ती नवऱ्याच्या नजरेस पडली. त्याने तिचा हात चौकटीत धरला आणि दार आपटलं. दोनदा. हे ती डबा खाता खाता सांगायची. आम्ही डबे बंद करायचो, ती जेवत राहायची.

मग नागरी सेवांच्या साइटचं काम आलं. पाणी, दिवे, कचरा अशा निळ्या लिंकची यादी आणि सगळ्यांत खाली 'घरात मारहाण होते का?' एकदा उघडलेली लिंक ब्राउझर आपणहून जांभळी करतो. फौजदार हटूनच बसली, उघडलेली लिंकही निळीच राहिली पाहिजे. साहेब म्हणाले, "अगं, रंग बदलला की लोकांना सोयीचं पडतं."

"कुणाला सोयीचं?" तिने विचारलं. साहेबांनी विषय सोडला आणि लिंक निळीच राहिली.

ती रजेवर असताना साहेबांचा निरोप आला, लिंकखाली रेघ हवी. मी रेघेची ओळ घातली आणि तिच्या शेवटचा सेमीकोलन, ओळ संपल्याची खूण, विसरलो. त्यामुळे ब्राउझरने ती ओळ आणि तिच्या खालची, उघडलेली लिंकही निळी ठेवणारी ओळ, दोन्ही सोडून दिल्या. तपासणीत एक लाल चूक दिसत होती. पान मात्र छान दिसत होतं. मी फाइल साइटवर चढवली आणि निघालो.

चार दिवसांनी त्या मारहाणीच्या लिंकवरच्या मदतकेंद्रातून फोन आला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याने पाण्याची तक्रार करायला तिचा फोन घेतला होता. यादीत एकच लिंक जांभळी, सगळ्यांत खालची. त्याने तिला केसांना धरून खोलीभर फरफटवलं, तापलेली इस्त्री पाठीवर दाबली, आणि ओरडते म्हणून बुक्क्यांनी तिचे तीन दात पाडले.

रजेवरून परतलेल्या फौजदारने फोन ठेवला. चूक शोधली, सेमीकोलन टाकला, फाइल चढवली, जांभळं गेल्याची खात्री केली. मग उठून माझ्या कानाखाली असा जाळ काढला की माझा चष्मा टेबलाखाली गेला. कुणी मध्ये पडलं नाही.

"चल," ती म्हणाली.

इस्पितळात ती बाई पालथी पडली होती. सुजलेल्या तोंडाने तिने फौजदारला विचारलं, "ताई, माझ्याकडून काय दाबलं गेलं हो? मी नुसता नंबर बघितला होता."

फौजदारने मला दंडाला धरून पुढे ढकललं. पळून जावंसं वाटत होतं मला.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "ते माझ्याकडून झालं."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मुद्दाम?"

"नाही हो," मी म्हणालो. "घरी जायची घाई होती."